९००० अश्वशक्तीचं इंजिन आलं, पण मालगाडीला वाट कोण देणार? (रेल्वेवेड्यांच्या ऑनलाइन धाग्यावरची चर्चा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

लूपलाइन

२६ मे २०२५ ला दाहोदच्या कारखान्यातून ९००० अश्वशक्तीच्या पहिल्या मालवाहू इंजिनाला पंतप्रधानांनी हिरवा झेंडा दाखवला. तेव्हापासून रेल्वेवेड्या मंडळींचा आनंद काही ओसरत नाहीये. फोटो झाले, व्हिडिओ झाले, भोंगा कसा वाजतो यावरही भांडून झालं. आता जरा हिशोबाचं बोलू.

सीमेन्सबरोबरचा करार जानेवारी २०२३ चा. ११ वर्षांत १२०० इंजिनं आणि पुढे ३५ वर्षं त्यांची देखभाल, सगळं मिळून सुमारे २६,००० कोटी रुपये. देखभालीचे डेपो चार: विशाखापट्टणम, रायपूर, खरगपूर आणि आपलं पुणे.

माझा प्रश्न साधा आहे. आपल्या मालगाडीचा सरासरी वेग वर्षानुवर्षं ताशी २५ किलोमीटरच्या आसपास घुटमळतोय. आजचं ६००० अश्वशक्तीचं वॅग-९ इंजिन भरलेला रेक (अख्खी मालगाडी) सपाटीवर आरामात ७५ ने नेतं. मग सरासरी २५ कशी? कारण गाडी अर्धा वेळ उभी असते. मागून मेल येतेय, घाला लूपमध्ये, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर. पुढे यार्ड भरलंय, थांबा. क्रूचे ड्यूटीचे तास संपले, रिलिव्हर (बदली चालक) येईपर्यंत उभे राहा. लूपमध्ये उभ्या असलेल्या इंजिनाला ६००० काय आणि ९००० काय! हा पैसा तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेत, लूप लांब करण्यात घातला असता तर जास्त माल हलला असता.

थ्री फेज

"सपाटीवर" या शब्दात तुम्ही सगळी अडचण लपवलीत. आपला देश सपाट नाही.

गणित मांडतो, कागद-पेन्सिल घ्या. २०० ला १ चढ म्हणजे टनामागे ५ किलो ओढ, त्यात चाकांचं आणि हवेचं मिळून साधारण २ किलो धरा. ४५०० टनांची गाडी अधिक इंजिन म्हणजे ४६३५ टन. गुणिले ७, झाले सुमारे ३२,४०० किलो. एवढी ओढ ताशी ७५ ने, म्हणजे सेकंदाला २०.८ मीटरने टिकवायची, तर अश्वशक्ती किती? ३२,४०० गुणिले २०.८ भागिले ७५. उत्तर ९००० येतं. हा आकडा कुणी हौसेने काढलेला नाही, तो या गाडीसाठीच काढलाय. याच चढावर ६००० वालं इंजिन पन्नाशीच्या आसपास येऊन अडकतं.

घाटमाथा

गणित बरोबर आहे, पण त्यातूनच लोकांचा एक गैरसमज वाढतो, तो इथेच खोडून काढू. अश्वशक्ती वाढली म्हणजे ओढायची ताकद वाढली, असं नाही. गाडी जागची हलवायला लागते ती ओढ, आणि ती ठरते चाकांवर किती वजन आहे आणि रुळाला पकड किती आहे यावर. वॅग-९ ला सहा धुरा आणि या नव्यालाही सहाच. सहा धुरांवर जितकं वजन टाकता येतं तितकंच टाकता येणार. त्यामुळे उभी गाडी उचलताना दोघांत जमीन-अस्मानाचा फरक दिसणार नाही. फरक पडतो तो गाडीने वेग घेतल्यावर.

बिहारातल्या मधेपुऱ्याच्या कारखान्याचं वॅग-१२ इंजिन घ्या. १२,००० अश्वशक्ती, पण आठ धुरा आणि १८० टन वजन. ते खरं ओढणारं इंजिन. त्याचा एक डेपो आपल्या नागपूरला आहे, विदर्भातल्या मंडळींना नवीन सांगायला नको.

आता कर्जत-लोणावळा किंवा कसारा-इगतपुरी. चढ ३७ ला १, म्हणजे टनामागे २७ किलो. ४५०० टनांना नुसत्या चढापोटी १२० टनांची ओढ लागते. सहा धुरांचं चांगलं इंजिन सुरुवातीला देतं पन्नास टनांच्या आसपास. मागून बँकर (ढकलणारं जादा इंजिन) लागणारच, दाहोदचं इंजिन येवो नाहीतर आणखी कुठलं. पुढूनच सगळी ओढ लावू म्हणाल तर डबे जोडणारा कपलर तुटेल. म्हणून "पुण्याला डेपो आला, आता घाटाचा प्रश्न सुटला" असं जे काही जण लिहीत सुटलेत, त्यांनी एकदा घाटातल्या मंकी हिलला उभं राहून बघावं.

गुड्सवाला

अश्वशक्तीवर भांडा खुशाल. मी मालगाडी चालवतो, मला विचाराल तर या इंजिनातल्या तीनच गोष्टी महत्त्वाच्या. एसी केबिन, कवच (टक्कर टाळणारी यंत्रणा) आणि संडास.

मे महिन्यात नागपूर-भुसावळ सेक्शनला जुन्या वॅग-७ ची केबिन कशी तापते ते लॉबीत कुणालाही विचारा. काच बंद ठेवली तर भट्टी, उघडली तर लू आणि धूळ. संडासाचं तर बोलूच नका. एप्रिल २०२५ मध्ये रेल्वे बोर्डाने लोको पायलटांची जेवणासाठी आणि लघवीसाठी ठरलेली सुट्टी द्या ही मागणी "व्यवहार्य नाही" म्हणून नाकारली, आणि मे महिन्यात संडासवालं इंजिन दाहोदहून बाहेर पडलं. म्हणजे सुट्टी नाही, सोय घ्या. ठीक आहे, घेतो. पण १२०० इंजिनं यायला ११ वर्षं. तोवर बाकीच्या हजारो इंजिनांत बसणाऱ्यांनी काय करायचं?

असिस्टंट ताई

काय करायचं ते आम्ही करतोच आहोत. ड्यूटीच्या आधी पाणी कमी प्यायचं आणि पुढच्या मोठ्या स्टेशनवर गाडी थांबेल अशी आशा धरायची. पुरुष सहकारी लूपमध्ये उतरून रुळाच्या कडेला जातात. आम्ही कुठे जायचं?

साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८९ मध्ये असिस्टंट (सहाय्यक चालक) म्हणून लागल्या आणि सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाल्या. आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून सत्कार सगळ्यांनी केले. त्यांची अख्खी नोकरी संपत आली तेव्हा हे इंजिन आलं. म्हणून "६००० पुरेसं होतं, नवीन कशाला" असं कुणी लिहिलं की हसू येतं. तुम्हाला नको असेल तर आम्हाला द्या.

लूपलाइन

ताई, संडासाला माझा विरोध नाही, कुणाचाच नसावा. पण त्यासाठी ९००० अश्वशक्ती लागत नाही. वॅग-९ मध्येही तो बसवता येतो.

असिस्टंट ताई

बसवता येतो. बसवला किती ठिकाणी?

इगतपुरी फलाट

तुम्ही सगळे फारच कोरडे आहात बुवा. जरा आमच्यासारख्यांचंही ऐका. फेब्रुवारी १९२५ मध्ये बोरीबंदर ते कुर्ला विजेची पहिली गाडी धावली, त्याला शंभर वर्षं झाली त्याच वर्षी देशात तयार झालेलं सहा धुरांचं ९००० चं इंजिन आलं. घाटात एके काळी "खेकडा" नावाचं विजेचं इंजिन मालगाड्या ओढायचं, हळूहळू, कण्हत. पुढे तारेतली डीसी वीज गेली, एसी वीज आली. हे सगळं डोळ्यांसमोर आणा आणि मग नव्या इंजिनाकडे बघा. मला तरी भरून येतं.

आणि ऑगस्ट २०२५ ची रुद्रास्त्र विसरलात? ३५४ वाघिणी, सात इंजिनं, साडेचार किलोमीटर लांब गाडी. पुढेमागे अशा गाड्यांना दाहोदची इंजिनं लागली तर बघायला मजा येईल.

गुड्सवाला

साडेचार किलोमीटरची गाडी बघायला मजा येते. तिच्यात मधेच कुठे एअर पाइप निसटला की ट्रेन मॅनेजर (गार्ड) आणि असिस्टंट दोन टोकांकडून चालत निघतात, रात्री, टॉर्च घेऊन. तेव्हाही व्हिडिओ काढायला या.

भुसावळचा फिटर

मी शेडमधला माणूस. माझी हरकत वेगळीच आहे आणि ती इथे कुणी मांडलेली नाही.

वॅग-५, वॅग-७ आमच्या हातावर वाढली. जीआर (व्होल्टेजचे टप्पे बदलणारा स्विच) अडकला, अर्नो (थ्री फेज वीज करणारं यंत्र) गरम झाला, डीजे (मुख्य ब्रेकर) पुन्हा पुन्हा ट्रिप होतंय, मोटरचे कार्बन ब्रश झिजलेत, यातलं काहीही असो, आवाज आणि वासावरून सांगणारी माणसं आमच्याकडे होती. वॅग-९ आलं तेव्हा ही विद्या निम्मी निकामी झाली. पण ते इंजिन चित्तरंजनचं, नकाशे रेल्वेचे, म्हणून आम्ही नव्याने शिकलो. आज भुसावळला वॅग-९ सारख्या थ्री फेज इंजिनांचं मोठं कामही होतं.

आता ३५ वर्षं देखभाल कंपनीकडे. म्हणजे आज विशीत लागलेला पोरगा पंचावन्नचा होईल तोवर. त्याच्या हातात लॅपटॉपचं आतलं कुलूप येणार का? की तो नुसतं कार्ड बदलून खराब कार्ड खोक्यात भरून पाठवणार? करार संपला त्या दिवशी रेल्वेकडे १२०० म्हातारी इंजिनं असतील आणि ती उघडू शकणारा माणूस नसेल. ही माझी भीती आहे. एसीला आणि संडासाला माझा सलाम.

थ्री फेज

काका, भीती रास्त आहे पण दुसरी बाजूही बघा. जुन्या पद्धतीत इंजिन विकलं की विकणाऱ्याचा संबंध संपला. मग सुटे भाग मिळेनात, एका इंजिनाचा भाग काढून दुसऱ्याला लावा, हे तुम्ही आयुष्यभर केलंत ना? आता ३५ वर्षं इंजिन चालतं ठेवायची डोकेदुखी बनवणाऱ्याची. जो पुढे दुरुस्ती स्वतः करणार आहे तो मुळातच टिकाऊ बनवतो.

भुसावळचा फिटर

केलं. एका इंजिनाचा भाग दुसऱ्याला लावून गाडी वेळेवर काढली, कारण तो भाग कसा चालतो हे ठाऊक होतं. बनवणारा टिकाऊ बनवेल हे कबूल. पण दाहोदचंच बघा, तिथे १९२६ पासून रेल्वेचा कारखाना आहे, वाफेच्या इंजिनांपासूनचा. पिढ्यान् पिढ्या तिथल्या घरांतून माणसं कामाला गेली. तिथला कारागीर या नव्या कामात कारागीरच राहतो की नुसता जोडारी होतो, एवढंच मला बघायचंय.

सेक्शन कंट्रोल (निवृत्त)

धागा शांतपणे वाचत होतो, पण मूळ मुद्दा कंट्रोलवर, म्हणजे कुठली गाडी थांबवायची आणि कुठली सोडायची हे ठरवणाऱ्यांवर, येऊन पडलाय तर बोलतो.

लूपलाइन साहेब, गाडी लूपमध्ये का घालतात? कंट्रोलरला मालगाडीवर राग असतो म्हणून नाही. त्याला दिसत असतं की ही गाडी पुढचं स्टेशन गाठेपर्यंत मागची मेल तिच्या शेपटाला येऊन लागेल. चाळीसगाव सुटलं की नांदगाव, मनमाडपर्यंत चढच आहे. एकलहऱ्याच्या वीज केंद्राचा भरलेला कोळशाचा रेक तिथे पन्नासवर आला, तर ३० किलोमीटरला ३६ मिनिटं. तोच ७५ ने गेला तर २४. या १२ मिनिटांत माझा निर्णय बदलतो. आधी ज्याला चाळीसगावलाच बाजूला काढलं असतं, त्याला मी नांदगाव काय, मनमाडपर्यंत मेलच्या पुढे पळवेन. मालगाडी एकदा थांबली की नुसती मेल जाईपर्यंत थांबत नाही. मेलच्या मागे पॅसेंजर असते, तिच्या मागे दुसरी मेल. एक थांबा टळला की कधी कधी दोन तास वाचतात.

तुम्ही म्हणता वेग आणि उभं राहणं या दोन वेगळ्या गोष्टी. कंट्रोलरच्या गाड्यांच्या चार्टवर त्या एकच आहेत. हळू जाणारी गाडीच उभी राहते.

लूपलाइन

हे पटण्यासारखं आहे, पण पूर्ण नाही. तुमच्या चार्टवर एकच गाडी वेगवान आहे. तिच्या पुढे वॅग-७ ची जुनी मालगाडी पन्नासने रांगत असेल तर ९००० वालीही तिच्या मागे पन्नासनेच जाणार. आळंदीच्या वारीत मोटार घेऊन शिरण्यासारखं ते. १२०० इंजिनं ११ वर्षांत येणार म्हणजे मधली सात-आठ वर्षं सगळी सरमिसळच. शिवाय लूपमधून निघताना सांध्यावर वेगमर्यादा १५ किंवा ३०. सातशे मीटरची गाडी पूर्ण मेन लाइनला लागेपर्यंत तुमची ९००० अश्वशक्ती झोपलेली.

म्हणून म्हणतो, ही इंजिनं आधी मालवाहतूक कॉरिडॉरवर द्या. दादरी ते जेएनपीटी १५०६ किलोमीटर, पॅसेंजरची कटकट नाही. तिथे ७५ च्या वर सलग धावू द्या, मग पैसा वसूल झाला असं मीही म्हणेन. भुसावळ-मनमाडला आधी जास्तीची मार्गिका आणि लांब लूप.

सेक्शन कंट्रोल (निवृत्त)

कोळसा कॉरिडॉरवर पिकत नाही. वणी, माजरीचा कोळसा बडनेरा-भुसावळवरूनच येणार. मार्गिका व्हायला भूसंपादन लागतं, इंजिन कारखान्यातून येतं. दोन्हींसाठी थांबलो असतो तर मी नोकरीत असतानाच थांबून राहिलो असतो.

गुड्सवाला

कंट्रोल साहेबांना एक विचारायचंय. ते वाचलेले दोन तास आम्हाला विश्रांतीत मिळणार, की त्याच ड्यूटीत पुढच्या स्टेशनपर्यंत आणखी एक गाडी? २०२४ च्या उन्हाळ्यात दक्षिणेतले लोको पायलट १६ तासांची विश्रांती आणि वर ३० तासांची साप्ताहिक सुट्टी वेगवेगळी मोजा म्हणून अडून बसले होते. मागणी अजून आहे तिथेच आहे.

सेक्शन कंट्रोल (निवृत्त)

खरं सांगू? लिंक (ड्यूटीचं वेळापत्रक) बनवणारा गाडीचे तास मोजतो. आणखी एक गाडी मिळेल.

गुड्सवाला

वाटलंच.

इगतपुरी फलाट

बरं, घाटाचं अर्धवट राहिलं. पुण्याच्या डेपोतली ही इंजिनं बँकर म्हणून लावली तर?

घाटमाथा

कशाला वाया घालवता! बँकरचं काम तीस-पस्तीसच्या वेगात ढकलायचं. तिथे वजन आणि पकड हवी, ७५ च्या वेगाची अश्वशक्ती नको. त्याला जुनी वॅग-७ पुष्कळ.

थ्री फेज

चढताना पुष्कळ. उतरताना वॅग-७ वीज परत देत नाही. थ्री फेज इंजिन उतारावरची ताकद तारेत परत सोडतं आणि चाकंही थंड राहतात. भोर घाटात कॅच सायडिंगला प्रत्येक गाडी का थांबवतात ते विचारा घाटमाथावाल्यांना.

घाटमाथा

विचारायला कशाला हवं, सांगतो ना. ब्रेक लागतात याची खात्री करायला, आणि नाही लागले तर गाडी मेन लाइनवरून बाजूला चढावर जावी म्हणून. उताराचं तुमचं मान्य. पण त्यासाठी वॅग-९ आहे, कल्याणला मागा. ९००० ला पुण्याहून दौंडकडे पळू द्या.