जनावरांच्या दवाखान्यात रिसेप्शन + मदतनीस : कोर्स करावा की थेट कामाला लागावं? (सांगली-मिरज)

वारणाकाठ
धाकटी बहीण बारावी कला झालीय, एमएस-सीआयटी आणि मराठी टायपिंग आहे. घरी म्हशी असल्याने जनावरांची भीती नाही. मिरजेजवळच्या एका खासगी दवाखान्यात रिसेप्शन आणि मदतनीस अशी एकत्र जागा आहे, कुत्री-मांजरं जास्त, पण गाई-म्हशींचेही फोन येतात. डॉक्टर म्हणतात, या, शिकवतो. दुसरीकडे सहा महिन्यांच्या सर्टिफिकेट कोर्सची जाहिरात बघितली, त्यात 'कोर्सनंतर स्वतःची प्रॅक्टिस सुरू करा' असं लिहिलंय. फी बरीच आहे. काय करावं? आणि सुरुवातीला नेमकं काय काय यायला लागतं?

माणदेशी_खिलार
'स्वतःची प्रॅक्टिस' लिहिलंय ना, मग ती जाहिरात तिथेच बंद करा. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ चं कलम ३० सरळ आहे: उपचार करायचे ते नोंदणीकृत पशुवैद्यानेच. पदविका किंवा प्रमाणपत्र घेतलेल्या पर्यवेक्षकांना राज्य सरकार आदेश काढून किरकोळ सेवांची परवानगी देऊ शकतं, म्हणजे लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी वगैरे. तीही पशुवैद्याच्या देखरेखीखाली. सहा महिन्यांच्या कागदावर गावोगाव सुया टोचत फिरणं यात कुठेच बसत नाही.

शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील महाविद्यालय जवळ आहे म्हणून कुणी सुचवेल. तिथे पशुवैद्यक पदवी होते, तिला बारावी विज्ञान, जीवशास्त्र आणि नीट लागते. कला शाखेला तो रस्ता नाही. नागपूरच्या माफसूच्या (महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ) पदविका वेगळ्या आहेत, प्रवेशाच्या अटी त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघा.

टेबलावरच्या कामाला मात्र सर्टिफिकेटची कायदेशीर अट नाही. थेट लागू दे. फक्त आधी विचारून घ्या: रेबीजची प्रतिबंधक लस दवाखाना देणार का? कुणी चावायच्या आधीच घ्यायची ती, ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी. ती न घेता पिंजऱ्याजवळ उभं राहू नये. आणि 'डॉक्टर बाहेर गेलेत, तेवढं इंजेक्शन तूच दे' असला कारभार तिथे चालत असेल तर ती जागा नको.

टेबलापलीकडून
वर कायद्याचं आलं, मी कामाचं लिहिते. लोकांना वाटतं रिसेप्शन म्हणजे केसपेपर आणि पैसे. खरं काम हे की, फोनवर दहा जण बोलतायत, त्यातल्या कुणाला 'आत्ता निघा' म्हणायचं आणि कुणाला 'संध्याकाळी सहाला या'. अवघड एवढ्यासाठी, की मालक लक्षणं सांगत नाही, स्वतःचं निदान सांगतो.

'बोक्याला बद्धकोष्ठ झालंय, सारखा कुंथतोय.' इथे विचारायचं, लघवी झालेली शेवटची कधी बघितली? कालपासून नाही म्हणाले की मूत्रमार्ग तुंबल्याची शंका, लगेच बोलवायचं. रक्तात पोटॅशियम चढून हृदय बंद पडतं, उद्याची वेळ देता येत नाही.

'कुत्र्याच्या घशात हाड अडकलंय, लाळ गळतेय.' जबडा लोंबतोय का, आवाज बदललाय का, खायला-प्यायला जमत नाही का, कुणाला चावलाय का? हो असेल तर रेबीज मनात धरायचा. तोंडात हात घालू नका, बांधून ठेवा, एवढं सांगून फोन डॉक्टरांकडे. गाई-म्हशींतही हीच गफलत होते. चावा किंवा जखमेवर लाळ असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवून माणसांच्या दवाखान्यात पाठवायचं. हळद-चुना लावू देऊ नका.

मोठ्या कुत्र्याचं पोट फुगलंय, ओकाऱ्या येतायत पण पडत काही नाही: वाटेत थांबू नका म्हणून सांगायचं.

गाईचं उलट असतं. व्याल्यावर वार (जार) पडली नाही म्हणून रात्री दोनला फोन करतील, पण गाय खातेय, ताप नाही, तर ते सकाळपर्यंत थांबतं. ओढू नका, वजन बांधू नका, एवढं बजावायचं. व्याल्यावर दोन दिवसांत गाय उठत नाही, कान गार, मान कुशीकडे वळवलेली, तो फोन मात्र पहिला. कॅल्शियम उतरलेलं असतं. शिरेतून सलाईन लागतं आणि तेही सावकाश, म्हणून डॉक्टरच हवा.

औषधाचं प्रमाण फोनवर कधीच सांगायचं नाही, 'मागच्या वेळचीच गोळी' असली तरी. मांजराला माणसाची पॅरासिटामॉल दिलीय असं कळलं तर ती तातडीची केस, एका गोळीनेही जीव जातो.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशीचा फोनही तिलाच करावा लागेल. 'रात्रीपासून उपाशी' म्हटलं तरी सकाळी दूध-बिस्कीट दिलेलं असतं, कारण ते खाण्यात धरत नाहीत. म्हणून नाव घेऊन सांगा: भाकरी नाही, दूध नाही, बिस्कीट नाही. भुलीत उलटी झाली तर फुप्फुसात जाते. अगदी लहान पिल्लांना मात्र इतकं उपाशी ठेवत नाहीत, त्यांची वेळ डॉक्टरांना विचारूनच द्यायची.

नरसोबावाडी_रोड
वजनाचं राहिलं. डोस किलोवर ठरतो, त्यामुळे दर भेटीला काट्यावर. वाढत्या पिल्लाचं मागच्या महिन्याचं वजन उतरवून ठेवणं ही नेहमीची चूक. आणि कुत्र्याचं तोंड बांधायची बँडेजची मुस्की पहिल्याच आठवड्यात शिकून घ्यावी: पहिली गाठ नाकावर, टोकं हनुवटीखाली फुलीसारखी घेऊन कानामागे सुटी गाठ. पगसारख्या चपट्या तोंडाला ती बसत नाही, आणि ओकणाऱ्या किंवा धापा टाकणाऱ्या कुत्र्याला बांधायचीच नाही.

वारणाकाठ
खूप उपयोगी. रक्ताच्या बाटल्या आणि लसींचा फ्रीज तिच्याकडे देणार म्हणतायत. त्यात काय बिघडतं?

बुधगाव_लॅब
बाटल्या: जांभळं झाकण पेशी मोजायला, लाल बायोकेमिस्ट्रीला, राखाडी साखरेला. जांभळीत रक्त खुणेपर्यंतच हवं. कमी पडलं तर ईडीटीए (रक्त गोठू नये म्हणून बाटलीत असलेलं रसायन) जास्त होऊन पेशी आकसतात. आठ-दहा वेळा हलकेच उलटी-सुलटी करायची, खळखळ हलवलं की पेशी फुटतात. लाल बाटलीत रक्त कमी आहे म्हणून जांभळीतलं ओतायचं नाही. ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतो, त्यामुळे कॅल्शियम खोटं कमी आणि पोटॅशियम खोटं जास्त येतं. नुकत्याच व्यालेल्या गाईच्या रिपोर्टमध्ये हे घडलं तर डॉक्टर फसलेच. नाव, मालक, वेळ बाटलीवरच लिहा, झाकणावर नाही. झाकणं बदलली जातात.

फ्रीज २ ते ८ अंश, सकाळ-संध्याकाळ तापमान वहीत. दारात लस ठेवायची नाही, बर्फाच्या कप्प्याला चिकटूनही नाही. रेबीजची लस गोठून पुन्हा वितळली की दिसायला तशीच दिसते, पण कामाची राहत नाही. वीज गेली तर दार उघडू नका. डबा, दही, चटणी त्या फ्रीजमध्ये अजिबात नाही, कारण त्यापायी दार दिवसभर उघडत राहतं. लस दिली की बाटलीवरचं स्टिकर कार्डावर आणि रजिस्टरमध्ये, दोन्हीकडे.

वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, बोटाला तिथेच टोचते. कटरमध्ये कापून पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात. सुई काढलेली सिरिंज आणि सलाईनची नळी लाल पिशवीत, रक्ताळलेला कापूस पिवळ्या, काचेच्या रिकाम्या बाटल्या निळ्या खुणेच्या डब्यात. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम जनावरांच्या दवाखान्यालाही लागू आहेत, म्हणून गाडीवाला कचरा नेताना वजनाची नोंद तिने स्वतः बघून घ्यावी.