एक्सेलमधून डेटाबेसकडे: तीन काउंटरच्या दुकानासाठी
दुकानाचा एक्सेलमधला हिशेब डेटाबेसमध्ये न्यायचा असेल, तर बरेचजण मायक्रोसॉफ्टचा अ‍ॅक्सेस हा डेटाबेस सुचवतात. एकट्याच्या हिशेबाला ते पुरतं. पण त्याच्या फाइलला २ जीबीची मर्यादा आहे, आणि तीन काउंटरवरून नोंदी चालू असताना नेटवर्क तुटलं तर फाइल बिघडू शकते. इथे पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस घ्या. ते फुकट आहे आणि त्यात डेटाच्या फाइलला फक्त सर्व्हर (डेटाबेस चालवणारा मुख्य प्रोग्राम) हात लावतो, काउंटर नाही; म्हणून काउंटरचं नेटवर्क तुटून ती बिघडत नाही.

खरी मेहनत तक्ते आखण्यात आहे. ग्राहक, माल, बिल आणि बिलातल्या ओळी, असे चार वेगळे तक्ते करा. मोबाइल नंबरला प्रायमरी की (प्रत्येक नोंद वेगळी ओळखायची खूण) करू नका. नंबर बदलतो, नवरा-बायको एकच देतात. विक्रीचा दर बिलाच्या ओळीतही साठवा, नाहीतर मालाचा भाव बदलला की जुनी बिलंही बदललेली दिसतील! रकमेला फ्लोट (दशांश संख्या अंदाजे साठवणारा प्रकार) अजिबात नको, त्यात ०.१ अधिक ०.२ नेमके ०.३ होत नाहीत. न्यूमेरिक (१२,२) हा प्रकार ठेवा, म्हणजे एकूण १२ अंक आणि त्यातले २ दशांश चिन्हानंतर. एचएसएन कोड (जीएसटीसाठी मालाच्या वर्गाचा क्रमांक) मजकूर म्हणून घ्या, कारण ०४०२ मधलं पहिलं शून्य एक्सेल गिळतं.

रोज रात्री पीजी_डंप (पोस्टग्रेएसक्यूएलचीच, डेटाबेसची प्रत काढणारी आज्ञा) चालवून प्रत दुसऱ्या मशीनवर ठेवा, आणि महिन्यातून एकदा ती रिकाम्या डेटाबेसमध्ये उतरवून बघाच.