विषय: क्लीलँडची सहल – कांगारूंना घरची पोळी नेली तर चालेल का?

प्रेषक: मॉसन लेक्सहून

सप्रेम नमस्कार मंडळी,

सासूबाई-सासरे नाशिकहून तीन महिन्यांसाठी इथे ॲडलेडला आलेत. येत्या शनिवारी मुलांना घेऊन आम्ही सगळे क्लीलँड वाइल्डलाइफ पार्कला निघालोय. सासूबाईंचे गुडघे दुखतात, तर तिथे चालणं कितपत पडतं? शिवाय कांगारूंसाठी घरची पोळी आणि गाजरं न्यायची असं त्यांच्या मनात आहे. चालेल ना? कोणी अलीकडे जाऊन आलं असेल तर सांगा.

---

प्रेषक: मॉडबरीहून

ताई, नमस्कार.

आधी पोळीचंच सांगते, कारण आमच्याकडे नेमकं तेच झालं. माझी आई साताऱ्याची. पहिली पोळी गायीची, हा तिचा जन्माचा नेम. गेल्या महिन्यात तिला क्लीलँडला नेलं, तर पर्समध्ये रुमालात बांधलेली तूप लावलेली पोळी! मला पत्ताच नाही. एक कांगारू जवळ आली, आईने तुकडा मोडून पुढे केला, आणि तिथली एक कर्मचारी मुलगी धावत आली. रागावली नाही, पण तुकडा मागून घेतला. आईचा चेहरा एवढासा झाला.

मग त्या मुलीने आईशेजारी बाकावर बसून शांतपणे समजावलं, मी मराठीत सांगत गेले. पाव, पोळी असं मऊ चिकट खाणं कांगारूच्या दातांच्या फटीत अडकतं. हिरडीत जंतू शिरतात, ते जबड्याच्या हाडापर्यंत पोचतात. जबडा सुजतो, जनावराला चावता येत नाही आणि शेवटी ते दगावतंसुद्धा. या दुखण्याला इथे ‘लम्पी जॉ’ म्हणतात. गायीसारखंच कांगारूच्या पोटातही गवत आधी आंबतं आणि मग पचतं, पण पोट तसं असलं तरी आपलं अन्न तिला बाधतं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बरं, मग हिचं जे असेल ते आण.”

तेव्हा गाजरं, पोळी काहीच नेऊ नका. पार्कमध्येच खाद्याची पिशवी विकत मिळते, तीच घ्या. हात सपाट ठेवायचा, बोटं मिटायची नाहीत आणि पिशवी मुलांच्या हातात द्यायची नाही. आईने ओंजळ पुढे केली तेव्हा त्या कांगारूने पुढचे दोन्ही पंजे तिच्या मनगटावर टेकवले आणि हात आपल्याकडे ओढून धरला. काळी, लांब नखं, पण एकही लागलं नाही. ओठ इतके मऊ की तळहातावरचा दाणा गेलेला कळतसुद्धा नाही. तिच्या पोटाच्या पिशवीतून पिल्लाचे दोन लांबुडके पाय बाहेर आले होते. जन्मताना हे पिल्लू जेमतेम एक ग्रॅमचं असतं, असं मी सांगितल्यावर आई कितीतरी वेळ नुसती त्या पायांकडे बघत होती.

एक कळकळीने सांगते. झाडाखाली जाऊन बसलेल्या कांगारूच्या मागे मुलांना धावू देऊ नका. ज्याला हवं असेल तो आपणहून येतो. सगळ्यांनी दहा मिनिटं गप्प उभं राहावं, बस्स.

एमू मात्र टोच मारून खातो. माझा धाकटा घाबरला. आमचे बाबा त्याला जवळ घेऊन म्हणाले, “अरे, याच्या घरी अंडी बाबा उबवतो. आठ आठवडे बसून राहतो, खातपीत नाही म्हटलं तरी चालेल.” हे खरंच आहे. मग धाकट्याने लांबून त्याला नमस्कार केला. पोटोरूही जरूर दाखवा. सशापेक्षा लहान, उंदरासारख्या तोंडाचा प्राणी. जमिनीतली बुरशी उकरून खातो आणि तिचे बीजाणू रानभर पसरवतो. जंगलाला त्याची गरज आहे.

कोआलाला उचलून घेण्याचा फोटो आम्ही काढला नाही, आणि तुम्हीही काढू नये असं मला मनापासून वाटतं. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियात ते चालतच नाही, आणि ब्रिस्बेनच्या लोन पाइन या कोआला अभयारण्याने, जिथे १९२७ पासून कोआला आहेत, २०२४ मध्ये ते स्वतःहून थांबवलं. दिवसाचे वीसेक तास झोपणारा जीव तो.

गुडघ्यांसाठी: वाटा चांगल्या आहेत, पण डोंगरउतारावर आहेत. बाकांवर बसत-बसत जा. पार्क आहे त्या माउंट लॉफ्टी डोंगराची थंडी अंगात भरते, शाल आणि मोजे घ्याच.

---

प्रेषक: ग्लेनेल्गहून

नमस्कार. आजोबा मंडळी बरोबर आहेत म्हणून एक भर घालतो. लहानपणी आपण सगळ्यांनी ऐकलंय की कांगारू पाहून कॅप्टन कुक या इंग्रज दर्यावर्द्याने विचारलं “हे काय?”, तिथला माणूस म्हणाला “मला कळत नाही”, म्हणजे ‘कांगारू’. ही गोष्ट खोटी आहे, नातवंडांना सांगू नका. १७७० मध्ये कुकचं जहाज क्वीन्सलँडच्या किनाऱ्याला लागलं होतं. तिथल्या गुगु यिमिथिर लोकांच्या भाषेत ‘गंगुरू’ हे एका जातीच्या कांगारूचं नाव आहे. त्या माणसाने बरोबर उत्तर दिलं होतं. आणि आपण राहतो त्या ॲडलेडचं इथल्या मूळच्या गौर्णा लोकांच्या भाषेतलं नाव ‘तार्न्तान्या’, म्हणजे तांबड्या कांगारूची जागा. शनिवारी तांबडा कांगारू दिसला की मुलांना हे नाव म्हणायला लावा.

---

प्रेषक: मॉसन लेक्सहून

ताई, काका, दोघांचे मनापासून आभार. दोन्ही मेल सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवल्या. पोळ्या आता फक्त आमच्या डब्यात, बटाट्याच्या भाजीबरोबर. ताई, तुमच्या आई अजून इथेच असतील तर शनिवारी येतील का? गाडीत एक जागा आहे, आणि सासूबाईंना त्यांच्याशीच बोलायचंय.