अनुभव धागा: जग आपल्या दारात आलं, तुमच्यात काय बदललं?

सुरुवात मीच करतो. आमची बाग निफाड तालुक्यात. बांधावर आलेल्या माणसाला घड दिल्याशिवाय वडील जाऊ देत नसत, ओळख असो-नसो. 2010 साली युरोपात आपल्या द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाटचे, म्हणजे सीसीसी या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश सापडले आणि कंटेनर अडकले. आमचेही पैसे अडकले. मग फवारणीची वही आली, रेसिड्यूची, म्हणजे मालात उरलेल्या औषधाची तपासणी आली. औषध मारल्यावर किती दिवस घड तोडायचा नाही, ते शेडच्या भिंतीवर लिहिलेलं असतं.

मागच्या मोसमात मामा आले. सवयीनं त्यांचा हात वेलीकडे गेला आणि मी ओरडलो, "मामा, थांबा!" चोरी पकडल्यासारखा त्यांनी हात मागे घेतला. वडील काही न बोलता घरात गेले आणि पाहुण्यासाठी केळी घेऊन आले. नियम चुकीचा नाही. त्या वहीमुळेच आता लेकरांच्या हातात घड देतानाही आम्ही तारीख बघतो. पण ओट्यावरून "या, खा" म्हणणं गेलं, ते सलतं. तुमचं सांगा.

अंबड एमआयडीसीतून
आमचं गिऱ्हाईक जर्मनीतलं. मी प्रत्येक गोष्टीला "होऊन जाईल" म्हणायचो, ते तारीख मागायचे. दोनदा तोंडघशी पडल्यावर "या आठवड्यात जमणार नाही" म्हणायला शिकलो. काम सुधारलं. पण आत्यानं जेवायला बोलावलं तेव्हाही तोंडातून तेच निघालं. आत्या दोन महिने बोलली नाही. शेवटी मीच तिच्या दारात जाऊन बसलो.

पेठहून
मी दिंडोरीला द्राक्षांच्या तोडणीला जाते. 18 मिलिमीटरची रिंग देतात. मणी त्यातून खाली पडला तर घड लोकलला. आता रिंग लागत नाही, बोटांनाच कळतं. खोक्यावर रॉटरडॅम लिहिलेलं असतं. ते कुठं आहे ते मुलीनं शाळेच्या नकाशात दाखवलं. माझ्या हातचा माल तिथं जातो, हे गावात मी अभिमानानं सांगते. मजुरी मात्र अजून उचलीतच फिटते, तेही इथं लिहायला हवं.

पंचवटीतून
माझं थोडं वेगळं आहे. लेक सात वर्षं नेदरलँड्समध्ये. इथं होता तेव्हा रंगपंचमीला कधी रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उतरला नाही, "तो रंग निघत नाही" म्हणायचा. यंदा मुद्दाम सुट्टी काढून आला आणि तिवंधा चौकातल्या पेशवेकालीन रहाडीत धप्पा मारला, म्हणजे उडी घेतली. परत गेला तेव्हा कानामागे रंग तसाच होता. ऑफिसात विचारलं, तर त्यानं वर्षभर मातीखाली झाकून ठेवलेल्या त्या हौदाची गोष्ट सगळ्यांना सांगितली. रात्री मला फोन, "आई, रहाड उघडताना पूजेचा मान कुणाकडे असतो गं?"

जन्म इथं गेला, पण मला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी सकाळीच जुन्या नाशकातल्या काकांकडे वही घेऊन गेले.