ओळख पटवणाऱ्या शासकीय ॲपच्या पहिल्या आवृत्तीत काय घ्यावे?

प्रश्न (यवतमाळ)

नमस्कार. एका शासकीय सेवेसाठी आधारद्वारे ओळख पटवणारे अँड्रॉइड ॲप आमची पाच जणांची चमू तयार करत असून तिचे नेतृत्व माझ्याकडे आहे. गेल्या आठवड्यात घाटंजी तालुक्यातील एका गावात चाचणी घेतली, तेव्हा कापूस वेचून आलेल्या बायांचे ठसे यंत्र वारंवार नाकारत होते, आणि ओटीपी मागावा तर तो पुण्याला कामाला गेलेल्या मुलाच्या फोनवर जात होता. चमूतील मुलांचे मत असे की, हे दोन मार्ग पुरेसे आहेत, उरलेल्यांचे पुढच्या आवृत्तीत पाहू. मला ते पटत नाही. पण त्याऐवजी काय घ्यावे, तेही ठरत नाही.

उत्तर १ (सेवा केंद्र चालक, दारव्हा)

ताई, चेहऱ्यावरून प्रमाणीकरण आधी घ्या. त्यासाठी आधार देणाऱ्या प्राधिकरणाचे (यूआयडीएआय) आधार फेस आरडी हे वेगळे ॲप फोनवर लागते. चेहरा तेच टिपते आणि आपल्या ॲपला केवळ सांकेतिक पाकीट, म्हणजे कूटबद्ध केलेली माहिती, मिळते. अडचण उजेडाची येते. ओसरीत माणूस दाराकडे पाठ करून बसला की चेहरा काळा दिसतो, त्यामुळे 'उजेडाकडे तोंड करा' ही सूचना पडद्यावर हवीच.

दुसरे म्हणजे, 'प्रमाणीकरण अयशस्वी' एवढेच दाखवू नका. सर्व्हरकडून त्रुटीचा क्रमांक येतो: ३०० म्हणजे ठसा जुळला नाही, ३३० म्हणजे धारकाने स्वतःच बायोमेट्रिक कुलूपबंद केले आहे. या दोन्हींवरचा उपाय वेगळा आहे. आमच्याकडे तर लाल अक्षरे दिसली की म्हाताऱ्या माणसाला 'आपले नाव कटले' असेच वाटते, आणि तो पुन्हा केंद्राची पायरी चढत नाही.

उत्तर २ (सॉफ्टवेअर अभियंता, नागपूर)

वरील मताशी सहमत आहे, परंतु चेहऱ्यालाही नेटवर्क लागतेच. जिथे ते नाही, तिथे आधारवरील सुरक्षित क्यूआर कोड वाचावा. त्यात नाव, पत्ता, जन्मतारीख व छायाचित्र असते आणि त्यावरची डिजिटल स्वाक्षरी इंटरनेटशिवाय तपासता येते. मात्र त्यावरून माहिती खरी आहे एवढेच सिद्ध होते. समोरची व्यक्ती तीच आहे की नाही, हे छायाचित्र पाहून कर्मचाऱ्यानेच ठरवायचे असते. हा फरक नोंदीत स्पष्ट दिसला पाहिजे, अन्यथा पुढे दोन्ही प्रकारच्या पडताळण्या सारख्याच समजल्या जातील.

नेतृत्व करणाऱ्याने स्वतः पाहावी अशी जागा म्हणजे लॉग, म्हणजे ॲप आपोआप ठेवते त्या कामकाजाच्या नोंदी. सर्व्हरवर बारा अंकी आधार क्रमांक आधार डेटा व्हॉल्ट या वेगळ्या सुरक्षित साठ्यात ठेवून इतरत्र संदर्भ क्रमांक वापरणे सगळ्यांना ठाऊक असते. पण ॲप बंद पडल्यावर आपोआप जाणाऱ्या अहवालात तोच क्रमांक उघडा गेलेला मी पाहिला आहे. पडद्यावर शेवटचे चारच अंक दाखवा आणि स्क्रीनशॉट बंद करा.

आणि 'उरलेल्यांचे पुढे पाहू' याविषयी: २०१६ च्या आधार कायद्याच्या कलम ८ प्रमाणे माहिती कशासाठी घेतली जात आहे आणि ती द्यायची नसल्यास पर्याय काय, हे व्यक्तीला सांगणे बंधनकारक आहे. पर्यायच बांधलेला नसेल, तर आपण त्या पडद्यावर लिहिणार काय?

उत्तर ३ (धारणी)

ही माहिती देणारा पडदा कृपया बोलका करा. मेळघाटात अनेक वयस्क कोरकूच बोलतात, आणि मराठीतील संमतीपत्र कर्मचारीच त्यांच्या वतीने 'मान्य' दाबून पुढे सरकवतो. गावातल्याच कोणाकडून ध्वनिमुद्रण करून घेऊन ते ॲपमध्येच ठेवल्यास नेटवर्कही लागणार नाही.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. कलम ८ चा मुद्दा आजच्या बैठकीत मांडला आणि वाद तिथेच थांबला. चेहरा, क्यूआर आणि कागदपत्रे पाहून करायची हस्तलिखित नोंद, हे तिन्ही पहिल्याच आवृत्तीत घेत आहोत. ठशांसाठी तीनपेक्षा अधिक प्रयत्न करायला लावणार नाही. लॉग तपासले. दोन ठिकाणी पूर्ण क्रमांक सापडला.