गुलमर्गमध्ये मुक्काम कुठे करावा: गोंडोलाजवळ, बाजाराजवळ की तंगमर्गला?

माळरान:
नमस्कार. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही नाशिकहून गुलमर्गला जाण्याचे ठरवले आहे. मी, माझे यजमान, चौदा वर्षांची मुलगी आणि सासूबाई असे चौघेजण असू. मुलीला आणि मला स्कीइंग अगदी प्राथमिक पातळीपासून शिकायचे आहे. यजमानांना केवळ डोंगर पाहण्यात रस आहे, तर सासूबाईंचे गुडघे दुखत असल्यामुळे त्यांना बर्फावरून फार चालता येणार नाही. राहण्यासाठी तीन पर्याय समोर आहेत. गोंडोलाच्या, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या रोपवेच्या, खालच्या स्थानकाजवळची हॉटेले महाग आहेत, बाजार आणि बसथांब्याच्या बाजूची मध्यम दराची आहेत आणि खाली तंगमर्गला त्याहून पुष्कळ स्वस्तात खोल्या मिळतात. ज्यांच्याशी बोलले ते सर्वजण 'गोंडोलाच्या जितके जवळ तितके चांगले' असेच सांगतात, पण आमच्यासारख्या कुटुंबालाही ते लागू पडते का, हे मला समजून घ्यायचे आहे.

हिवाळी_वाट:
ताई, आपल्या कुटुंबाला तो सल्ला लागू पडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. गोंडोलाजवळ राहण्याचा खरा लाभ ज्यांना स्कीइंग चांगले येते त्यांना होतो. गुलमर्गचे कुरण सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. गोंडोलाचा पहिला टप्पा तिथून साधारण ३,१०० मीटरवरील कोंगडोरी या मधल्या स्थानकाला नेतो आणि दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, जवळजवळ ३,९५० मीटरपर्यंत पोहोचतो. वरचे उतार तीव्र आहेत, तिथला बराचसा बर्फ यंत्राने दाबलेला नसतो आणि हिमस्खलनाचा धोकाही खरा आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर झालेल्या हिमस्खलनात दोन परदेशी स्कीपटूंचा मृत्यू झाला होता. तिथे सकाळी पहिल्या पाळण्यात बसण्यासाठी धडपडणारे लोक गोंडोलाजवळच्या खोलीला जास्त पैसे मोजतात, ते योग्यच आहे.

नवशिक्यांचे शिक्षण मात्र खाली कुरणातल्या सौम्य उतारांवर, जिथे उन्हाळ्यात गोल्फचे मैदान असते त्या भागात होते. तिथे दोरीला धरून वर ओढत नेणाऱ्या छोट्या ड्रॅग लिफ्ट आहेत. आपला आणि मुलीचा बहुतेक वेळ तिथेच जाणार आहे. जड बूट घालून, खांद्यावर स्की घेऊन बर्फातून चालणे नवख्या माणसाला इतके थकवते की शिकण्याचा उत्साह सकाळीच निम्मा होतो. म्हणून हॉटेलला फोन करताना 'गोंडोला किती दूर आहे' असे न विचारता 'नवशिक्यांचा उतार दारापासून किती दूर आहे आणि भाड्याचे बूट व स्की रात्री हॉटेलातच ठेवता येतील का' असे विचारावे. या हिशेबाने बाजाराकडची बाजू आपल्याला अधिक सोयीची पडेल. तिथून गोंडोलापर्यंत जायचे असेल तेव्हा स्थानिक गाडी करता येते.

आणखी एक पर्याय सुचवतो. भारतीय स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्था गुलमर्गमध्येच आहे आणि तिचे निवासी अभ्यासक्रम असतात. मुलीला मनापासून शिकायचे असेल, तर पुढच्या वर्षी तिला त्या अभ्यासक्रमाला पाठवण्याचा विचार जरूर करावा. कुटुंबासह केलेल्या सहलीत तितके सलग शिक्षण होत नाही.

देवदार:
वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, पण तंगमर्गचा पर्याय इतक्या सहज सोडून देऊ नये. तंगमर्ग गुलमर्गपेक्षा सुमारे पाचशे मीटर खाली असल्यामुळे थंडी थोडी कमी असते, नेहमीची बाजारपेठ असते आणि दरही खिशाला परवडतात. ज्यांना एक दिवस बर्फ पाहून, गोंडोलात बसून परत यायचे आहे, त्यांच्यासाठी तो उत्तम मुक्काम आहे. अडचण आहे ती वरच्या तेरा किलोमीटरच्या घाटाची. हिमवृष्टी झाली की चाकांना साखळ्या लावलेल्या किंवा फोर बाय फोर गाड्यांनाच वर सोडतात, आणि फार बर्फ पडल्यास रस्ता साफ होईपर्यंत सगळेच थांबून राहतात. म्हणजे ज्या सकाळी नवा, भुसभुशीत बर्फ पडलेला असतो, नेमक्या त्याच सकाळी तंगमर्गला राहणारा माणूस खाली अडकतो. रोजचा प्रशिक्षक ठरवलेला असेल तर हे परवडणारे नाही. त्यामुळे आपण वरच राहावे, हे मलाही पटते.

पुन्हा_काश्मीर:
सासूबाईंचा विचार कोणी पुरेसा केलेला दिसत नाही, म्हणून लिहिते. स्कीइंग करणारी माणसे दिवसभर बाहेर असतात, पण ज्येष्ठ व्यक्तीचा दिवस खोलीत आणि हॉटेलच्या बैठकीत जातो. म्हणून त्यांच्यासाठी हॉटेलची ऊब हाच पहिला निकष असला पाहिजे. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा चिल्लई कलान, म्हणजे काश्मिरातला सर्वांत कडक थंडीचा काळ, संपला, तरी त्यामागून वीस दिवसांचा, थोड्या कमी थंडीचा चिल्लई खुर्द येतो आणि आपली सहल नेमकी त्यात आहे. रात्रीचे तापमान शून्याच्या बरेच खाली असते.

'हीटिंग आहे' एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. सेंट्रल हीटिंग आहे की बुखारी (खोली तापवणारी बंद शेगडी), ते रात्रभर चालू ठेवतात की ठरावीक तासच, वीज गेल्यावर जनरेटरवर खोलीचे हीटर चालतात की फक्त दिवे, अंथरुणात विजेवर तापणारी गादी आहे का आणि गरम पाणी कोणत्या वेळात मिळते, हे प्रत्येक प्रश्न स्वतंत्रपणे विचारून घ्या. लाकडावर चालणारी बुखारी फार सुखद असते, मात्र तिचा धूर नळीवाटे बाहेर जात असल्याची खात्री करा. बंद खोलीत गॅसचा हीटर किंवा कोळशाची शेगडी लावून झोपणे जिवावर बेतू शकते, आणि याबाबतीत कोणाच्याही भिडेला पडू नये.

दुसरी गोष्ट पायऱ्यांची. बर्फ साचल्यावर दारापर्यंतची वाट निसरडी होते. तळमजल्याची खोली, दारापर्यंत गाडी येण्याची सोय आणि वाटेवरचा बर्फ रोज काढला जातो की नाही, हे पाहा. कुरणाकडे उघडणारी मोठी काचेची खिडकी असलेली बैठक मिळाली, तर सासूबाईंना नात बर्फावर शिकताना आतूनच पाहता येईल. माझ्या आईने तसे तासन्‌तास पाहिले होते आणि सगळ्या सहलीत तिला तेच सर्वांत आवडले.

माळरान:
आपणा सर्वांचे मनापासून आभार. गोंडोलाजवळचा विचार सोडला आणि बाजाराच्या बाजूला तळमजल्याच्या दोन खोल्या शोधत आहे. दोन शंका उरल्या आहेत. पैसे आधीच पूर्ण भरावेत का, आणि परतीच्या आदल्या रात्रीही गुलमर्गलाच राहावे का?

हिवाळी_वाट:
पूर्ण रक्कम आधी भरू नये. जानेवारी २०२४ मध्ये महिन्याचा बराचसा काळ गुलमर्गचे कुरण बर्फाविना कोरडे होते आणि खेळण्यासाठी आलेल्या लोकांची मोठी निराशा झाली. फेब्रुवारीत बर्फाची शक्यता चांगली असते, तरीही आरक्षण रद्द केल्यास किती रक्कम परत मिळेल हे लेखी घ्यावे. गोंडोलाची तिकिटे मात्र ऑनलाइन आधीच काढा, कारण गर्दीच्या दिवसांत ती संपतात. प्रीपेड सिम बाहेरून आलेल्यांना तिथे चालत नाही, त्यामुळे निदान एक पोस्टपेड क्रमांक सोबत हवा.

शेवटची रात्र श्रीनगरला काढावी. विमानतळ गुलमर्गहून पन्नासएक किलोमीटर आहे आणि हिमवृष्टीच्या दिवशी घाट उतरायलाच किती वेळ लागेल याचा नेम नसतो. आदल्या दिवशी दुपारी, उजेड असताना खाली उतरा, म्हणजे सासूबाईंनाही घाई होणार नाही.