उन्हाळ्यात पायात मोजे कशाला? वृद्धाश्रमातली शुश्रूषा कशावरून जोखायची

गिरणाकाठ (धागा सुरू करणारी)

आपल्याकडे 'नर्सिंग होम' अशी पाटी दिसली की ते बाळंतपणाचं नाहीतर छोटं खाजगी हॉस्पिटल. मी त्याबद्दल बोलत नाहीये. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांना महिन्याच्या पैशावर ठेवून घेणारी, आंघोळ-जेवण-औषध बघणारी जी केंद्रं जळगाव, धुळे, भुसावळकडे आता दिसतात, त्यांच्याबद्दल हा धागा आहे. कोणी वृद्धाश्रम म्हणतं, कोणी सेवा केंद्र.

आईला लकवा मारला, उजवी बाजू गेली. मला भाऊ नाही, नोकरी पुण्यात. चार महिने घरी बाई ठेवून पाहिलं, मग जळगावकडच्या एका केंद्रात ठेवलं. निवडताना काय बघितलं? फरशी, पडदे, देवघर, कॅमेरे, कोणते डॉक्टर येतात ती पाटी. वास येत नाही म्हणून तर मी खूशच झाले. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी फोन करून अकरा वाजता जायचे. आई न्हाऊ घातलेली, वेणी घातलेली, तोंडाला पावडर, खुर्चीत बसवलेली. पायात मोजे.

एप्रिलच्या शेवटी भुसावळला बँकेचं काम निघालं. ते लवकर उरकलं म्हणून मंगळवारी दुपारी तीनला न कळवता गेले. बाहेर ४४ अंश. आई पलंगावर उताणी, कुलरमधलं पाणी संपलेलं, नुसता गरम वारा अंगावर येत होता. आणि पायात तेच मोजे. या उन्हात मोजे कशाला म्हणून काढायला गेले, तर उजवा मोजा टाचेला चिकटलेला. ओला करून सोडवला. खाली रुपयाएवढी काळी खपली, कडेनं पाणी सुटलेलं. आईनं कधी तक्रार केली नाही, कारण त्या पायाचं तिला काही कळतच नाही. पलंगाला तक्ता लटकवला होता, 'दर दोन तासांनी कूस बदलली'. वाजले होते तीन आणि सह्या संध्याकाळी सहापर्यंतच्या झालेल्या होत्या.

त्या दिवसापासून माझं मत पक्कं आहे. शुश्रूषा चांगली की वाईट हे माणसाच्या अंगावर लिहिलेलं असतं. टाचा बघा, माकडहाड बघा, ढुंगणाची दोन्ही हाडं बघा. लाल डाग दिसला तर बोटानं दाबा. पांढरा पडून परत लाल झाला तर ठीक, लालचा लालच राहिला तर जखमेची सुरुवात झालेली आहे. दर महिन्याचं वजन मागा. आणि हे सगळं न सांगता जाऊन, कामाच्या दिवशी. आखाजीला, दिवाळीला सगळेच आश्रम सजलेले असतात. न कळवता येऊ देत नाही असं जे केंद्र म्हणेल, ते यादीतून काढून टाका.

पांझराकाठ

ताई, तुमच्या आईच्या बाबतीत झालं ते चूकच. सह्या आधी करून ठेवणं हा तर गुन्हाच समजतो मी. पण मी धुळे जिल्ह्यात अशीच एक जागा चालवतो, २२ जण आहेत, म्हणून दुसरी बाजू सांगतो.

दुपारी अडीच-तीनला आमच्याकडे बायकांचं अंग पुसणं, डायपर बदलणं चालू असतं. एका खोलीत चार पलंग, मध्ये पडदे. तुम्ही तुमच्या आईकडे येणार, पण शेजारच्या आजींनी काय पाप केलंय? त्यांच्याही अब्रूचा प्रश्न आहे. म्हणून आम्ही वेळ ठेवली आहे, लपवायला नाही.

आता जखमेचं. गेल्या वर्षी जे सात नवे आले, त्यातले तीन घरून जखम घेऊनच आले. एकाची माकडहाडावरची जखम इतकी खोल की आत बोट जाईल. मुलगा म्हणाला, "आम्हाला दिसलंच नाही." पुढल्या महिन्यात कोणी येऊन चादर उचलली तर दोष कोणाचा? वजनाचंही तसंच. कॅन्सरचं माणूस शेवटच्या दोन महिन्यांसाठी आमच्याकडे येतं, त्याचं वजन मी वाढवून कुठून दाखवू? अंगावरून जोखायचं ठरलं तर आम्ही असे पेशंट घेणंच बंद करू, चालते-फिरते तेवढे ठेवू. मग ज्यांना खरी गरज आहे ते कुठे जातील?

जुनी सिस्टर

३१ वर्षं सरकारी दवाखान्यात वॉर्ड सांभाळला. दोघांचंही थोडं थोडं पटत नाही.

पांझराकाठ साहेब, घरून जखम घेऊन येतात हे शंभर टक्के खरं. पण त्यावर उपाय तुमच्याच हातात आहे. ज्या दिवशी दाखल कराल त्या दिवशी नातेवाइकांसमोर अंग तपासा, कुठे काय आहे ते तारखेसकट लिहा, वजन लिहा, त्यांची सही घ्या. मग तुमच्यावर कोणी बोट ठेवणार नाही. अब्रूचं म्हणाल तर पडदा ओढायला अर्धा मिनिट लागतो. पाहुण्याला पाच मिनिटं बाहेर बाकावर बसवा. 'आज भेट होणार नाही' म्हणायची गरज नाही.

गिरणाकाठ ताई, जखम झाली म्हणजे निष्काळजीपणाच, असंही नसतं. साखर असेल, रक्तपुरवठा कमी असेल, तर चांगली शुश्रूषा असूनही टाच जाते. विचारायचं ते हे की जखम दिसल्यावर तुम्हाला फोन कोणत्या दिवशी आला? टाच गादीवरून अधांतरी राहील अशी पोटरीखाली उशी दिली का? तुमच्या बाबतीत मोजा घातला. मला जखमेपेक्षा त्या मोज्याचा राग येतो.

आणि तुम्ही दोघंही पाण्याबद्दल बोलला नाहीत. म्हातारपणी तहान लागायचीच कमी होते. आपल्याकडचा मे महिना, त्यात बीपीसाठी लघवीची गोळी चालू. अशा वेळी रक्तातलं मीठ उतरतं आणि माणूस बरळायला लागतं. केंद्रवाले म्हणतात "वयानं होतंय", आणि रात्रीची गुंगीची गोळी सुरू करतात. मी एका ठिकाणी पाहिलंय, संध्याकाळी सहानंतर पाणीच देत नव्हते, रात्री डायपर ओलं होऊ नये म्हणून. पलंगाजवळ गेलात की बघा, तांब्या हाताला येईल इतक्या जवळ आहे का, की कोपऱ्यातल्या टेबलावर शोभेला ठेवलाय. जीभ बघा, ओली आहे की पापडासारखी. सगळी खोली सकाळी अकरा वाजता गाढ झोपलेली दिसली तर औषधांची चिठ्ठी मागा आणि ती आपल्या डॉक्टरला दाखवा. हे बघायला चादर उचलावी लागत नाही.

खेडूत

एवढी तपासणी करण्यापेक्षा आईबापाला घरी सांभाळा ना. आपल्या खान्देशात ही पद्धत नव्हती.

जुनी सिस्टर

भाऊ, घरी सांभाळलेल्यांच्या जखमाही मीच धुतल्या आहेत. दोन माणसं लागतात कूस बदलायला. सून एकटी, सकाळी सहाला केळीच्या बागेत जाणारी. पद्धत नव्हती तेव्हा लकवा मारलेलं माणूस महिना-दोन महिन्यांत जायचं, ते आठवतंय का?

बोरीकाठ

मला गिरणाकाठ ताईंच्या मूळ मुद्द्यालाच विरोध आहे. वजन, टाचा, तक्ते, हे सगळं मोजता येतं म्हणून तेच खरं मानायचं का?

वडिलांना आधी नाशिकला ठेवलं होतं. लिफ्ट, फिजिओथेरपी, दर आठवड्याला मोबाईलवर रिपोर्ट. वजन बरोबर, बीपी बरोबर, जखम एकही नाही. पण वडिलांना विसरण्याचा आजार. शाळेतली मराठी पुसली गेली, राहिली फक्त अहिराणी. तिथल्या पोरी चांगल्या होत्या, पण त्यांना ते बोलणं म्हणजे बरळणं वाटायचं. रिपोर्टमध्ये लिहून यायचं, 'संध्याकाळी अस्वस्थ, असंबद्ध बोलतात'. शेवटी शेवटी वडिलांनी बोलणंच सोडलं.

मग अमळनेरच्या बाजूला एका साध्या जागी आणलं. पत्र्याचं छत, संडास बाहेर, वजनकाटा नाही. दिवेलागणीला वडील विचारायला लागतात, "ढोरे उनात का?" म्हणजे गुरं आली का. गोठ्यातली जनावरं जाऊन वीस वर्षं झाली. तिथली मावशी भाकरी कुस्करता कुस्करता म्हणते, "हा बाबा, उनात, पानी बी पिनात." आली, पाणीही प्यायली, एवढं ऐकलं की वडील शांत होतात आणि जेवतात. मी समोर बसून पाहिलंय. नाशिकच्या 'असंबद्ध बोलतात'चा अर्थ मला त्या दिवशी कळला. हे कुठल्या तक्त्यात लिहाल?

तालुक्याचा माणूस

थोडं कायद्याचं. ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदा आहे, त्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी एक वृद्धाश्रम असं म्हटलंय. पण शब्द 'शासन स्थापन करू शकेल' असे आहेत, म्हणजे सक्ती नाही. त्या आश्रमांमध्ये सेवा कशी असावी याचे नियम करायची सोयही त्याच कलमात आहे. ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाईन १४५६७, तिथे तक्रार सांगता येते. खाजगी केंद्राबद्दल तक्रार असेल तर लेखी द्या, फोटोवर तारीख असू द्या.

गिरणाकाठ

बोरीकाठ दादा, तुमचं वाचून रडू आलं. तुमचे वडील योग्य जागी आहेत, त्यात वाद नाही. पण तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य होणार नाही, आणि का ते सांगते.

ज्या मावशीनं माझ्या आईला मोजे घातले, तीसुद्धा आमच्याच बोलीत बोलायची. आईला 'माय' म्हणायची. आईची वेणी तीच घालायची, आणि ती घालताना आईच्या चेहऱ्यावर जे समाधान असायचं ते मी खोटं म्हणणार नाही. तिचा जीव होता आईवर. तरी टाच काळी पडली, कारण १८ जणांत दिवसा दोघीच होत्या आणि उताण्या माणसाला एकटीनं कुशीवर वळवता येत नाही. मला कळलं तर मालक रागावतील म्हणून तिनं मोजा घातला. माया होती, हात कमी होते. तुमच्या पत्र्याच्या जागेत एक वजनकाटा आणा, हजार-दीड हजारात येतो. वडिलांचं वजन महिन्यात अडीच किलोनं उतरलं तर मावशीला ते रोज बघून कळणार नाही.

सिस्टर, दाखल करतानाच अंग तपासून सही घ्यायची, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आणि सगळ्या जखमांना एकच दोष लावला, ते मागे घेते. पण न कळवता जाण्याचं सोडत नाही. पडदा ओढा, मला बाहेर बसवा, दहा मिनिटं बसेन.

बोरीकाठ

वजनकाटा नेतो या रविवारी. वडील उभे राहत नाहीत, तर खुर्चीसकट वजन करून खुर्ची वजा करायची, बरोबर ना सिस्टर? पण ताई, मावशीच्या उत्तराला तुमच्या यादीत जागा द्या. ते वरून लावलेलं नाही, त्यानं माणूस जेवतंय.

जुनी सिस्टर

खुर्चीचं चालेल. खुर्ची दर वेळी तीच घ्या आणि सकाळी जेवणाआधी करा.

पांझराकाठ साहेब, तुम्हाला एकच विचारते. दिवसाचं सगळे विचारतात. रात्री दहा ते सकाळी सहा, २२ जणांना तुमच्याकडे किती माणसं असतात?

पांझराकाठ

एक बाई. दारावर वॉचमन असतो, गरज पडली तर तो वर येतो, पण बायकांच्या खोलीत तो कूस बदलायला हात लावत नाही. म्हणजे रात्री बाराला आणि तीनला जड माणसांची कूस बदलली जात नाही. तक्त्यात आम्हीही टिक करतो. दुसरी बाई ठेवायची तर प्रत्येकाचे महिन्याला पाचशे-सहाशे वाढतात. मागच्या दिवाळीत दोनशे वाढवले तर चार जणांनी आईबाप उचलून नेले.

गिरणाकाठ

मी देते सहाशे. तुमच्या केंद्राची वेळ कळवा, आईला घेऊन बघायला येते. या वेळी कळवून.